नाव ओळखीचे, माणूस अनोळखी

ज्या घरातला कर्ता माणूस कुवेत, दुबई, दोहा किंवा रियाधला असतो, त्या घरात अनोळखी नंबरचा फोनही धावत जाऊन उचलला जातो. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलण्यावर बंधने आहेत. त्यामुळे तिथले आपले लोक निरनिराळी अॅप्स वापरतात, सोबत्याच्या फोनवरून बोलतात, सिमकार्ड बदलतात. नंबर कुठलाही दिसो, पलीकडे आपलेच माणूस असेल या आशेने रत्नागिरी-रायगडच्या गावांत आणि मुंब्रा, भिवंडीच्या मोहल्ल्यांत फोन उचलले जातात. या सवयीत गैर काही नाही. मात्र लोकांच्या नेमक्या अशाच विश्वासावर आता एक मोठा धंदा उभा राहिला आहे. त्याला इंग्रजीत स्पूफिंग म्हणतात. दुसऱ्याचे नाव, नंबर, पत्ता किंवा आवाज धारण करून समोर यायचे आणि त्या नावाच्या जोरावर पैसे काढून घ्यायचे, असा तो प्रकार आहे.

आपल्या गावांत पूर्वी बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेश करून दारात उभा राहायचा, "चला ठाण्यावर, वॉरंट आहे" म्हणून दरडावायचा. मुले घाबरायची, मोठी माणसे हसायची आणि शेवटी त्याच्या झोळीत धान्य पडायचे. सोंग आहे हे सगळ्यांना माहीत असायचे, म्हणून त्यात गंमत होती. आजचा बहुरूपी दारात येत नाही. तो मोबाइलच्या स्क्रीनवर येतो, आणि त्याचे सोंग सोंग आहे हे सांगणारे शेजारी कोणी नसते.

या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. स्क्रीनवर दिसणारे नाव हा पाठवणाऱ्याचा दावा असतो, पुरावा नसतो. हे एकदा मनात ठसले की पुढची काळजी घेणे अवघड नाही.

नंबर खोटा कसा दिसतो?

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो. पोस्टमन तो तपासत बसत नाही. फोनचेही बरेचसे तसेच आहे. कॉल निघतो तेव्हा त्याच्यासोबत 'हा कॉल अमुक नंबरचा आहे' अशी माहिती पाठवली जाते, आणि पुढची यंत्रणा बहुतेक वेळा ती तशीच दाखवते. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या काही यंत्रणांत हा नंबर कॉल करणाराच भरतो. मग परदेशात बसलेला माणूस आपल्या फोनवर भारतातला, अगदी बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा नंबरही दाखवू शकतो.

हा प्रकार किती मोठा होता, याचा अंदाज ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले, आणि भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी ते सुमारे ९० टक्के होते, असे सरकारने जाहीर केले.

चाळण लागली म्हणून चोर थांबत नाहीत. आता ते खऱ्या परदेशी नंबरवरून, भारतात दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या सिमवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून येतात. व्हॉट्सअॅपवर पोलिसाच्या गणवेशातला फोटो आणि खाली 'क्राइम ब्रँच' असे नाव लावायला दोन मिनिटे लागतात. फोन करणाऱ्याचे नाव दाखवणारी अॅप्सही लोकांनीच भरलेल्या नावांवर बऱ्याच अंशी चालतात, तेव्हा तिथे 'बँक मॅनेजर' असे दिसले म्हणून तो मॅनेजर ठरत नाही.

बँका आणि वित्तसंस्थांनी ग्राहकांना सेवेसंबंधी फोन करताना १६०० ने सुरू होणारे नंबर वापरावेत, अशी व्यवस्था आता आली आहे. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून "मी तुमच्या बँकेतून बोलतोय" असा फोन आला, तर संशय घ्यायला तेवढे कारण पुरेसे आहे.

मेसेज, ईमेल आणि वेबसाइट

बँकेचा किंवा कंपनीचा मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या एका नावावरून येतो. मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेले असते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. "तुमचे खाते आज बंद होईल", "लाइट कापली जाईल", "पार्सल अडकले आहे" असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो पुसून टाकावा. नाव आणि शेवटचे अक्षर बरोबर वाटले तरी मेसेजमधली लिंक उघडण्याची गरज नसते. खात्याचे काम बँकेच्या अॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन होते.

ईमेलची पद्धत १९८२ च्या सुमारास ठरली, तेव्हा थोडी ओळखीची माणसे आपसांत ती वापरत होती. पाठवणारा खरा आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पुढे तपासणीच्या पद्धती जोडल्या गेल्या, पण सगळीकडे त्या नीट बसवलेल्या नसतात. शिवाय दिसणारे नाव कोणीही लिहू शकतो. म्हणून नावावर बोट ठेवून मागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा.

वेबसाइटचा पत्ता तपासण्याची युक्ती आपल्या घरांना सोपी जावी. तो उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचे आणि तिथून डावीकडे यायचे. शेवटचे दोन-तीन तुकडेच खरे मालक सांगतात. 'हजकमिटी डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' आहे, तो सरकारी. पण 'हजकमिटी-जीओव्ही-इन डॉट कॉम' असा पत्ता असेल तर शेवटी 'कॉम' आहे आणि आधीचे सगळे नाव कोणीही विकत घेतलेले असू शकते. डावीकडून वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली की एम सारखी दिसतात, एल च्या जागी एक हा आकडा बसतो, तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'बँक डॉट इन' या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले आहेत. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून वेबसाइट खरी, असे मात्र मानू नये. ते कुलूप चोरही लावतो.

आपल्याच माणसाचा मुखवटा

वरचे मुखवटे परक्यांचे होते. सगळ्यात फसवा असतो तो आपल्याच माणसाचा. "खाला, मी अडचणीत आहे, दहा हजार लगेच पाठव, नंतर सांगतो," असा मेसेज भाच्याच्या फोटोसह येतो. कधी नंबर नवा असतो आणि "फोन बिघडला, हा माझा नवा नंबर" असे कारण दिलेले असते. कधी नंबर भाच्याचाच असतो, पण त्याचे व्हॉट्सअॅप दुसऱ्याने ताब्यात घेतलेले असते.

हा ताबा कसा जातो, ते पाहा. नव्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करताना सहा आकडी कोड लागतो. "चुकून माझा कोड तुझ्याकडे आला, पाठव ना," असे ओळखीच्या नावाने कोणी मागतो आणि आपण देतो. दुसरा मार्ग लग्नाच्या दावतनाम्याचा किंवा वाहनाच्या चलनाचा. व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, ते अॅप असते. ते बसवले की फोनमधले मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात, आणि बहुधा तीच फाइल आपल्या नावाने सगळ्या नातेवाइकांना जाते. खऱ्या दावतनाम्याचा फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके कधीच उघडू नये.

आवाजाचीही आता नक्कल होते. समाजमाध्यमांवर टाकलेल्या छोट्याशा व्हिडिओतून आवाज उचलून तसाच आवाज संगणकावर तयार करता येतो. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी पाहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते चेहरे आणि आवाज संगणकाने बनवलेले होते. शिकलेला, व्यवहारात मुरलेला माणूस फसतो, तिथे लेकाचा रडवेला आवाज ऐकलेल्या अम्मीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला एक हत्यार द्यायला हवे.

ते हत्यार म्हणजे घरातला गुपित शब्द. परदेशातल्या माणसाने सुट्टीवर घरी आल्यावर समोरासमोर बसून तो ठरवावा. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर ठरवू नये. कधीही पैशाची मागणी झाली की तो शब्द विचारायचा. शब्द नाही, तर पैसे नाहीत.

भीतीचा मुखवटा

'डिजिटल अटक' हा सगळ्यात क्रूर प्रकार. फोनवर सांगितले जाते की तुमच्या आधारवर सिम काढले गेले, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या खात्यातून दहशतवादाला पैसा गेला. मग व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे झेंडा, शिक्क्यांची कागदपत्रे. "फोन ठेवायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, कुणाला सांगायचे नाही," अशी ताकीद. शेवटी 'चौकशीसाठी' सगळी रक्कम एका खात्यात भरायला लावतात.

२०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे ८२ वर्षांचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना असेच गाठले गेले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली गेली, सरन्यायाधीशांचे सोंग घेतलेला माणूसही होता. त्यांचे ७ कोटी रुपये गेले. त्यांनी तक्रार केली, म्हणून पोलिसांना त्यातले सव्वापाच कोटी मिळवता आले.

आपल्या घरांत ही भीती आणखी खोल जाते, हे मोकळेपणाने बोलायला हवे. दहशतवाद हा शब्द आणि पोलिसांचे नाव एकत्र आले की साध्या मुसलमान घराची वाचा बसते. मोहल्ल्यात कळले तर काय, मुलीचे लग्न ठरायचे आहे, मुलाचा पासपोर्ट अडकेल का, असे शंभर विचार एका क्षणात येतात. निर्दोष माणूस निर्दोष असूनही गप्प बसतो आणि पैसे देऊन सुटका करून घेऊ पाहतो. ठगांना हे चांगले माहीत असते. "कुणाला सांगू नका" हे त्यांचे मुख्य हत्यार त्यासाठीच आहे.

म्हणून कायदा काय म्हणतो, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक प्रत्यक्ष ताब्यात घेऊन होते, तिचे कारण सांगावे लागते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. काही अपवाद सोडता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि चौकशीसाठी पैसे भरायला लावणारे कोणतेही पोलीस खाते, न्यायालय किंवा बँक नाही. फोन ठेवला म्हणून गुन्हा होत नाही. खरोखर काही असेल तर नोटीस घरी येईल, आपण वकिलाला घेऊन जवळच्या ठाण्यात जाऊ.

हज, उमराह आणि जकात

आयुष्यभराची बचत जिथे लागते, तिथेही हे सोंग येते. "वेटिंग लिस्टमधून तुमचे नाव लागले, आजच रक्कम भरा," असा फोन हज कमिटीच्या नावाने आला तर भरायची घाई करू नये. हज कमिटीच्या प्रत्येक अर्जाला कव्हर नंबर असतो. तो घेऊन कमिटीच्या वेबसाइटवर किंवा 'हज सुविधा' अॅपवर स्थिती पाहावी, नाहीतर राज्य हज कमिटीकडे किंवा मुंबईच्या हज हाऊसमध्ये विचारावे. रक्कम कोणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर भरू नये. खासगी टूरने जायचे असेल तर तिचे नाव अल्पसंख्याक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या हज ग्रुप ऑर्गनायझरच्या यादीत आहे का, ते पाहावे. पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर हज करू देऊ, असे सांगणारा फसवत आहे. सौदी सरकार त्याला परवानगी देत नाही.

रमजानमध्ये जकात आणि सदक्याची आवाहने सगळीकडे फिरतात. मदरशाचे किंवा आजारी मुलाचे खरे पोस्टर उचलून त्यावरचा क्यूआर कोड तेवढा बदलणे फार सोपे असते. कोड स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, अॅप खातेधारकाचे नाव दाखवते. पोस्टरवर ट्रस्टचे नाव आणि अॅपमध्ये भलत्याच व्यक्तीचे नाव असेल तर थांबावे. देणाऱ्याची नियत साफ असतेच, पण हक्कदारापर्यंत अमानत पोहोचते की नाही हे पाहणेही देणाऱ्याचेच काम आहे.

सनद तपासण्याची सवय

खरे तर ही शिकवण आपल्याला नवी नाही. हदीस जमा करणाऱ्या मुहद्दिसांनी मजकूर सुंदर आहे एवढ्यावर कोणतेही वचन स्वीकारले नाही. हे कोणी कोणाकडून ऐकले, तो त्याला खरोखर भेटला होता का, असे विचारत त्यांनी साखळीतला प्रत्येक दुवा तपासला. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतही आलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे. फोनवर आलेल्या निरोपालाही हाच नियम लावायचा.

त्याची पद्धत सोपी आहे. ज्या वाटेने निरोप आला, त्या वाटेने उत्तर द्यायचे नाही. फोन ठेवायचा आणि आपल्या वाटेने जायचे. बँकेचा फोन असेल तर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. गूगलवर नंबर शोधायचा नाही, कारण तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर टाकलेले असतात. भाच्याचा मेसेज असेल तर त्याच्या जुन्या नंबरवर किंवा त्याच्या अम्मीला फोन करायचा. पोलिसांचा असेल तर जवळच्या ठाण्यात विचारायचे. सोंग घेणारा आपल्याला त्याच्याच वाटेवर धरून ठेवतो, वाट बदलली की त्याचे सोंग गळून पडते. "वेळ नाही, आत्ताच करा" असे म्हणणाऱ्याला म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ लावायचा.

घरातल्या प्रत्येकाने एवढे करून ठेवावे:

• पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

• ओटीपी, पिन आणि व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड कुणालाही सांगू नये, पलीकडे कुणीही असो.

• व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करावे.

• आधारच्या अधिकृत अॅपवर बोटांच्या ठशांचे कुलूप लावून ठेवावे. लागेल तेव्हा उघडता येते.

• दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे कोणतेही अॅप घेऊ नये.

• संशयित फोन किंवा मेसेज आला, पण पैसे गेले नाहीत, तर 'संचार साथी'वरील 'चक्षु' या सोयीत त्याची माहिती द्यावी. त्यामुळे दुसरे घर वाचू शकते.

पैसे गेलेच तर

ताबडतोब १९३० वर फोन करावा. ही सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते, म्हणून पहिला तास सोन्याचा. तक्रार लवकर गेली तर मधल्या खात्यातच रक्कम गोठवता येते. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड आणि खाते बंद करावे आणि 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वर लेखी तक्रार नोंदवावी. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, रागाने किंवा शरमेने काही पुसू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी केलेला व्यवहार, बँकेची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर त्याचे नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेने सोसायची असते. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर सांगण्यातच फायदा आहे.

आणि इथेच घराची कसोटी लागते. तो सोन्याचा तास पुष्कळदा ठगामुळे वाया जात नाही, आपल्याच माणसांच्या धाकाने जातो. नवरा परदेशातून ओरडेल म्हणून बायको दोन दिवस सांगत नाही. मुले "तुम्हाला काही कळत नाही" म्हणतील म्हणून दादी पासबुक लपवते. तरुण मुलगा अब्बांच्या भीतीने मित्रांकडून उधार घेऊन भोक बुजवत बसतो. अशा घरात १९३० हा नंबर भिंतीवर लिहून ठेवला तरी त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून आमची प्रत्येक वाचक घराला विनंती आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावे, परदेशातल्या माणसालाही फोनवर घ्यावे आणि एक वचन द्यावे: कुणीही फसले तर पहिला प्रश्न "असे कसे केलेस?" हा नसेल, "किती वाजता गेले?" हा असेल. हिशेब नंतर होईल, आधी १९३० वर फोन लागेल.